जकातीच्या भिंतीबाहेरचे बेट

कॅरिबियन समुद्रातले सेंट थॉमस हे जेमतेम ऐंशी चौरस किलोमीटरचे बेट अमेरिकेचे आहे, पण किती अमेरिकेचे, हा प्रश्न पासपोर्टवाल्याला विचारला तर एक उत्तर मिळते आणि कस्टम्सवाल्याला विचारला तर दुसरे. भारतीय प्रवाशाला तिथे उतरायला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. चलन डॉलर, टपाल अमेरिकेचे, कायदे बहुतांशी अमेरिकेचे. परतीचा प्रवास मात्र वेगळा. मायामीला किंवा न्यूयॉर्कला जाणारे विमान देशांतर्गत असूनही बेटावरच्या विमानतळावर सामानाची कस्टम्स तपासणी होते. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला इथून १,६०० डॉलरपर्यंतचा माल शुल्क न भरता नेता येतो. कॅरिबियनमधल्या इतर बहुतेक बेटांवरून येणाऱ्याला ही सवलत ८०० डॉलरची असते. पाच लिटर दारूही चालते, त्यात निदान एक लिटर याच बेटांवर तयार झालेली असेल तर. इतरत्रहून येणाऱ्याला एक-दोन लिटरवर थांबावे लागते. न्यू जर्सीतून क्रूझवर निघालेल्या मराठी कुटुंबाला ही माहिती प्रवासी पुस्तिकेत सहज मिळते, आणि तिच्यामागचे कारण म्हणून ‘पर्यटनाला उत्तेजन’ एवढेच लिहिलेले असते. हे कारण खोटे नाही, पण ते फार अलीकडचे आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार सेंट थॉमस ज्यात येते तो व्हर्जिन आयलंड्स हा बेटांचा गट देशाच्या हद्दीत आहे आणि देशाच्या जकात हद्दीबाहेर आहे. परदेशी मालावर तिथे आजही सरसकट ६ टक्के आयात शुल्क लागते, आणि तो दर डेन्मार्कच्या राजवटीतला आहे. या विचित्र व्यवस्थेचा माग काढत मागे गेले की एक गोष्ट वारंवार दिसते: मुक्त बंदर श्रीमंत होते ते स्वतःच्या उदारपणामुळे नव्हे, तर शेजाऱ्यांच्या मनाईमुळे. शेजाऱ्याने भिंत उंच केली की बंदर भरते. भिंत खाली आली, किंवा बंदरच भिंतीच्या चुकीच्या बाजूला गेले, की ते ओस पडते.

सतराव्या-अठराव्या शतकांत कॅरिबियनमध्ये अशा भिंतींना तोटा नव्हता. स्पेनने १५०३ पासून सेव्हिलच्या व्यापार कचेरीमार्फत अमेरिका खंडाशी होणारा सगळा व्यवहार एका दारातून चालवला. इंग्लंडने १६५१ आणि १६६० च्या नौकानयन कायद्यांनी ठरवले, की वसाहतींचा माल इंग्रजी जहाजांतूनच जाईल, आणि साखर-तंबाखूसारखा माल आधी इंग्रजांच्याच मुलखात उतरेल. फ्रान्सचेही असेच होते, आणि त्यात एक खास फ्रेंच गुंता होता. मायदेशातल्या ब्रँडीला स्पर्धा नको म्हणून फ्रान्सने वसाहतींतल्या रमला आपली बाजारपेठ बंद केली. परिणामी मार्टिनिक आणि ग्वादलूपच्या साखर कारखान्यांत मळीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला आणि ती मातीमोल झाली. तिकडे बोस्टन आणि ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांना मळी हवीच होती. लंडनच्या संसदेने १७३३ मध्ये इंग्रज मळेवाल्यांच्या रक्षणासाठी परदेशी मळीवर गॅलनमागे सहा पेन्स शुल्क बसवले. भट्टीवाल्यांना ते परवडणारे नव्हते. म्हणजे एका राजाने ब्रँडी वाचवण्यासाठी मळी स्वस्त केली आणि दुसऱ्याने मळेवाले वाचवण्यासाठी तीच मळी महाग केली. या दोन किमतींच्या मधल्या फटीत जो कोणी बसेल त्याचे भले होणार होते. फक्त त्या जागेचा झेंडा या दोघांपैकी कोणाचा असून चालणार नव्हते.

ती जागा डचांनी आधी हेरली. कुरासाव बेट त्यांनी १६७० च्या दशकातच मुक्त बंदर केले, स्पेनच्या वसाहतींच्या किनाऱ्यासमोर. तिथून विकल्या जाणाऱ्या ‘मालात’ आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम होते, हे सुरुवातीलाच नोंदवले पाहिजे. पण मुक्त बंदराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिंट युस्टेशियस. एकवीस चौरस किलोमीटरचे हे बेट, एका टोकाला सुप्त ज्वालामुखी, पावसावर अवलंबून असलेले पाणी. १७५० च्या दशकात ते मुक्त बंदर झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे वर्षाला हजारो जहाजे नांगर टाकू लागली. उभ्या कड्याच्या वर लोकवस्ती आणि किल्ला, आणि कड्याच्या पायथ्याशी, समुद्र आणि खडक यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, मैलभर लांबीची गोदामांची रांग. १७७५ च्या जानेवारीत जॅनेट शॉ नावाची एक स्कॉटिश बाई इथे उतरली होती. तिची प्रवासवही पुढे छापली गेली. एकाच दुकानाच्या ओट्यावर भरजरी रेशीम आणि लोखंडी भांडी, खलाशांचे जाडेभरडे कपडे आणि नाजूक हातमोजे शेजारी शेजारी मांडलेले तिने पाहिले. गोदामांच्या दारात किती भाषा ऐकू येतात याचे तिला नवल वाटले. आणि तिने खरेदी काय केली, तर फ्रेंच हातमोजे आणि इंग्रजी पायमोजे. हे इंग्रजी पायमोजे तिला मायदेशापेक्षा स्वस्त पडले. आजच्या ड्यूटी-फ्री दुकानातल्या गिऱ्हाइकाची सगळी लक्षणे या बाईत आहेत. स्वतःच्याच देशाचा माल परक्या बेटावर स्वस्त मिळतो, हे अर्थशास्त्राचे कोडे नव्हे, तो कराचा हिशेब आहे. या बेटावरून हॉलंडला जाणारी साखर बेटावर पिकणाऱ्या साखरेच्या कितीतरी पट असे. फ्रेंच किंवा इंग्रज मळ्यातली साखर रात्रीतून इथे येई, नव्या पिंपात भरली जाई आणि डच बनून पुढे जाई.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येतो. बंदरे चांगल्या खाडीमुळे वाढतात, कायद्यामुळे नाही, असे म्हणणारे सेंट थॉमसचे उदाहरण देतात. तिथली खाडी खरोखरच सुरेख, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेली आणि खोल. पण सिंट युस्टेशियसला बंदर असे नव्हतेच. उघड्या समुद्रात जहाजे नांगरून उभी राहत आणि होड्यांतून माल किनाऱ्यावर येई. लाटा उसळल्या की उतरवणे थांबे, वादळाचा हंगाम आला की जहाजांनी पळ काढायचा. एवढ्या गैरसोयीच्या ठिकाणी जगातला व्यापार गोळा झाला, कारण आजूबाजूला चार-पाच राजांची बेटे एका दिवसाच्या पल्ल्यात होती आणि त्या प्रत्येकाचे नियम वेगळे होते. उत्तम बंदरे कॅरिबियनमध्ये पुष्कळ होती. अँटिग्वाचे इंग्लिश हार्बर त्यांतलेच, पण तिथे इंग्रजी आरमार होते आणि इंग्रजी जकात होती. भूगोल कामाला येत नाही असे नाही, पण महत्त्वाचे होते ते शेजार, आणि खाडी त्यानंतर. हे लंडनलाही कळत होते. १७६६ मध्ये संसदेने जमैकातली चार आणि डोमिनिकातली दोन बंदरे मर्यादित मालासाठी परदेशी जहाजांना खुली केली. मुक्त बंदरांशी स्पर्धा करायची तर आपल्याच भिंतीला आपणच खिडकी पाडावी लागते, ही ती कबुली होती.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सिंट युस्टेशियसचे नाव इतिहासात नोंदले गेले. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी बंडखोर वसाहतींचे ‘अँड्र्यू डोरिया’ हे जहाज तिथे आले आणि गव्हर्नर योहानेस द ग्राफ यांच्या किल्ल्याने त्याच्या सलामीला तोफांनी उत्तर दिले. अमेरिकन पर्यटकांना ही घटना मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तोफा झाडणाऱ्यांच्या मनात स्वातंत्र्याची आस किती आणि बारुदाच्या व्यापाराची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. बंडखोरांना लागणारी बारूद याच गोदामांतून जात होती, आणि तिच्यावरचा नफा कोणत्याही सलामीला साजेसा होता. इंग्लंडने डिसेंबर १७८० मध्ये हॉलंडशी युद्ध पुकारले आणि ३ फेब्रुवारी १७८१ रोजी अ‍ॅडमिरल रॉडनीने बेट घेतले. सव्वाशेहून अधिक व्यापारी जहाजे त्याच्या हाती लागली, लुटीची किंमत तीस लाख पौंडांच्या आसपास धरली गेली. किल्ल्यावरचा डच झेंडा त्याने महिनाभर तसाच फडकत ठेवला, म्हणजे बातमी न कळलेली जहाजेही आपणहून येऊन सापडावीत. बेटावरच्या ज्यू व्यापाऱ्यांवर त्याचा खास राग होता. त्यांना एकत्र कोंडले, कपड्यांची अस्तरे उसवून पैसे शोधले आणि कित्येकांना बायकामुलांचा निरोपही न घेऊ देता हद्दपार केले. लंडनच्या संसदेत एडमंड बर्कने यावर सडकून टीका केली. पण या प्रकरणातला माझ्या मुद्द्याशी जुळणारा तपशील वेगळाच आहे: रॉडनीवर सर्वांत जास्त दावे ठोकले ते इंग्रजांनीच. सेंट किट्सचे इंग्रज व्यापारी आपला माल सिंट युस्टेशियसच्या गोदामांत ठेवून शत्रूशी राजरोस व्यवहार करत होते. भिंत बांधणाऱ्या राष्ट्राचेच लोक तिच्या पलीकडे दुकान थाटून बसले होते. रॉडनीने जप्त मालाचा लिलाव केला तेव्हा त्यातलाही बराच माल फिरून शत्रूकडेच पोचला.

रॉडनीने बेट संपवले, असे लोकप्रिय इतिहासात लिहिले जाते. ते पटत नाही. नोव्हेंबर १७८१ मध्ये फ्रेंचांनी बेट घेऊन पुढे डचांना परत दिले आणि १७९० च्या सुमारास तिथली वस्ती आठ हजारांच्या घरात, म्हणजे पूर्वीपेक्षाही मोठी झाली होती. आज ती तीन हजारांच्या थोडी वर आहे. लुटीतून हे बंदर सावरले. ते खचले १७९५ नंतर, फ्रेंचांच्या ताब्यात जाऊन तटस्थपणा गमावल्यावर आणि करांचे ओझे लादले गेल्यावर. गोदामे पुन्हा बांधता येतात, पण तटस्थ झेंड्याला पर्याय नसतो. तोवर शेजारी नवे दुकान उघडलेच होते. स्वीडनने १७८४ मध्ये फ्रान्सकडून सेंट बार्थेलेमी हे खडकाळ बेट मिळवले आणि वर्षभरात त्याला मुक्त बंदर जाहीर करून राजाच्या नावावरून गावाचे नाव गुस्ताविया ठेवले. स्वीडनला साखर पिकवायची नव्हती. त्या खडकावर ती पिकलीही नसती. इंग्लंडने १७८३ नंतर आपल्या कॅरिबियन वसाहती अमेरिकन जहाजांना बंद केल्या होत्या. (तरुण होरेशियो नेल्सन तेव्हा याच पाण्यात ही बंदी अमलात आणत होता, आणि स्थानिक इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच्यावर असे दावे लावले की त्याला काही काळ जहाजावरून उतरायची सोय राहिली नाही.) त्या बंदीचे पीक गुस्तावियाने काढले. अँड्र्यू जॅक्सनच्या कारकिर्दीत १८३० मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात समझोता होऊन ती बंदरे अमेरिकन जहाजांना खुली झाली आणि गुस्तावियाचे दिवस फिरले. १८७८ मध्ये स्वीडनने बेट फ्रान्सला परत केले.

सेंट थॉमसची गोष्ट याच साच्यातली, फक्त अधिक लांब. डॅनिश वेस्ट इंडिया कंपनीची वसाहत १६७२ मध्ये तिथे बसली. बंदरावरच्या वस्तीचे पहिले नाव ‘ताफुस’, म्हणजे बिअरचा गुत्ता. १६९१ मध्ये डेन्मार्कच्या राणीच्या नावावरून ते शार्लट अमाली झाले. जमीन डोंगराळ, ऊस बेताचा. १६८५ पासून ब्रांडेनबुर्गच्या जर्मन कंपनीलाही गुलामांच्या व्यापारासाठी तिथे जागा दिलेली होती. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर राजाने १७५० च्या दशकात बेटे आपल्या हाती घेतली आणि १७६४ मध्ये सेंट थॉमस सर्व देशांच्या जहाजांना खुले केले. इथे दुसरा आक्षेप येतो: हा खुल्या व्यापाराच्या नव्या विचारांचा विजय नव्हता का? कोपनहेगनमध्ये हे विचार वाचणारे लोक असतीलही. पण त्याच राजाच्या ताब्यात चाळीस मैलांवर सेंट क्रॉय नावाचे सपाट, सुपीक बेट होते. ते १७३३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेले होते आणि तिथे ऊस भरघोस येत असे. ते काही खुले केले गेले नाही. तिथली साखर कोपनहेगनलाच जायची, तिथल्याच कारखान्यांत शुद्ध व्हायची. एकाच सरकारने एकाच वर्षी एका बेटाभोवती भिंत ठेवली आणि दुसऱ्याभोवतीची काढली. जिथे स्वतःचे पीक होते तिथे मक्तेदारी, जिथे नव्हते तिथे औदार्य. असा खुलेपणा तत्त्वातून येत नाही, तो जमिनीचा पोत पाहून ठरतो.

या धोरणाने माणसे मात्र गोळा झाली. थोड्याशा शुल्कात नागरिकत्वाचे पत्र मिळे आणि बोर्दोचा किंवा ग्लासगोचा व्यापारी कागदोपत्री डॅनिश होई. त्याचे जहाजही तटस्थ होई. सिंट युस्टेशियसवरून उठलेली ज्यू कुटुंबे इथे आली, १७९६ मध्ये त्यांचा समाज नोंदला गेला, आणि १८३३ मध्ये उभारलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आजही जमिनीवर वाळू अंथरून उभे आहे. पुढे चित्रकार म्हणून गाजलेला कामी पिसारो १८३० मध्ये इथल्याच एका दुकानदाराच्या घरात जन्मला. १८०४ आणि १८०६ च्या आगींत लाकडी गाव जळाल्यावर व्यापाऱ्यांनी जाड भिंतींची, लोखंडी दारांची लांबच लांब गोदामे बांधली. त्यांची एक बाजू मुख्य रस्त्यावर, दुसरी थेट पाण्यावर, आणि मधून बोळ. भिंतींत डेन्मार्कहून जहाजाच्या तळाशी भार म्हणून आलेल्या पिवळ्या विटा सापडतात. आज क्रूझवरून उतरलेले लोक याच गोदामांत हिऱ्यांच्या अंगठ्या बघत फिरतात. हे वैभव सांगताना एक हिशेब टाळता येत नाही. डेन्मार्कने १७९२ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी जाहीर केली, पण ती लागू झाली १८०३ मध्ये, आणि मधल्या वर्षांत मळेवाल्यांना ‘साठा’ करून ठेवायला मुभा होती. गुलामगिरीच बंद व्हायला ३ जुलै १८४८ उजाडावा लागला, तोही सेंट क्रॉयवर हजारो गुलाम फ्रेडरिकस्टेडच्या रस्त्यावर उतरल्यानंतर. मुक्त बंदरात मालाला होते ते स्वातंत्र्य माल म्हणून मोजल्या गेलेल्या माणसांना नव्हते, आणि हा त्या व्यवस्थेतला अपघात नव्हे. तिच्या पहिल्या दिवसापासूनचा तो एक व्यवसाय होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्पेनची साम्राज्यशाही मोडली होती, इंग्लंडने नौकानयन कायदे १८४९ मध्ये रद्द केले होते, आणि तरी सेंट थॉमस गजबजलेले होते. भिंती पडल्या तरी बंदर उभे राहिले, मग सिद्धांताचे काय? उत्तर असे, की तोवर या बंदराने धंदा बदलला होता. १८४२ पासून इंग्रजांच्या रॉयल मेल कंपनीची वाफेची जहाजे इथे एकत्र येत, टपाल आणि उतारू वाटून घेत आणि कोळसा भरत. इथे खाडीचा आणि वाऱ्याच्या दिशेचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवे. पण कोळशाचे बंदर आणि मुक्त बंदर यांच्या कमाईत फरक आहे. कोळशाच्या बंदरात कमाई होते ती ओझ्यावर, आणि ओझे वाहत होत्या बायका: डोक्यावर कोळशाच्या टोपल्या घेऊन, रात्री मशालींच्या उजेडात फळीवरून जहाजावर चढणाऱ्या काळ्या बायका. १८९२ मध्ये त्यांनी संप केला. कारण मजुरी घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मिळत होती आणि दुकानदार ती नाणी कमी भावाने घेत होते. संपाची पुढारी कोझाया नावाची बाई होती. लोक तिला राणी म्हणत. अशा बंदराचे भवितव्य लंडनमधल्या एका कंपनीच्या बैठकीत ठरू शकते आणि तसे ते ठरले. १८६७ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळ आणि नोव्हेंबरात भूकंपाबरोबर समुद्राची लाट आली. त्याच वर्षी डेन्मार्कने बेटे अमेरिकेला ७५ लाख डॉलरना विकायचा करार केला, पण तिथल्या सिनेटने तो मंजूर केला नाही. १८८५ मध्ये रॉयल मेलने मुक्काम बार्बाडोसला हलवला. भिंतींच्या फटीत बसलेल्या सिंट युस्टेशियसने रॉडनीची लूट पचवली. भिंतींचा आधार सुटलेल्या सेंट थॉमसला एका कंपनीचे वेळापत्रक पुरले.

अमेरिकेने अखेर ३१ मार्च १९१७ रोजी अडीच कोटी डॉलर सोन्यात मोजून तीन बेटे घेतली. हेतू व्यापाराचा नव्हता. पनामा कालवा नुकताच उघडला होता आणि जर्मन आरमार तिथे येऊन बसेल ही भीती होती. त्यामुळे बेटाच्या जकातीचे काय करायचे याचा फारसा विचार झाला नाही. त्याच महिन्यातल्या कायद्याने डॅनिश जकात तशीच पुढे चालू ठेवली, आणि हंगामी म्हणून ठेवलेली ही तरतूद शंभर वर्षांहून अधिक टिकली. पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा १९२० मध्ये झाली. अमेरिकेत दारूबंदी आली. इतकी उंच भिंत कॅरिबियनने पूर्वी पाहिली नव्हती. तिच्या बाहेर असलेल्या इंग्रजांच्या बहामा बेटांत नासाऊचे बंदर व्हिस्कीच्या पेट्यांनी भरले. कॅनडाजवळच्या सेंट पियर या फ्रेंच बेटावर तर कोळ्यांची वस्ती गोदामवाल्यांची झाली. सेंट थॉमस तीन वर्षे आधी विकले गेले नसते तर या धंद्यासाठी त्याच्याइतके अनुभवी बंदर दुसरे नव्हते. आता ते भिंतीच्या आत होते. दारूबंदी तिथेही लागू झाली आणि सेंट क्रॉयचा रमचा धंदाही बसला. जकातीपुरते बाहेर आणि दारूपुरते आत, म्हणजे दोन्हीकडून तोटा. १९३१ मध्ये बेटांना भेट देऊन गेलेले राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी त्यांची संभावना गरीबखाना म्हणून केली, आणि बेटावरच्यांनी ती बरीच वर्षे विसरली नाही.

आजच्या सवलतीचा उगम याच्या पुढच्या टप्प्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी जाणाऱ्या अमेरिकनाला ५०० डॉलरपर्यंतचा माल मोफत आणता येई. सोने देशाबाहेर जाते आहे या चिंतेने केनेडी सरकारने १९६१ मध्ये ही मर्यादा १०० डॉलरवर आणली, फक्त व्हर्जिन आयलंड्स आणि तशाच इतर ताब्यातल्या बेटांसाठी २०० ठेवली. १९६५ मध्ये दारूची सवलत एका बाटलीवर आली, या बेटांसाठी मात्र गॅलनभर राहिली. लक्षात घ्या, सेंट थॉमसला काही नवे दिले गेले नाही. त्यालाही पूर्वीपेक्षा कमीच मिळाले. फक्त इतरांचे त्याहून जास्त कापले गेले. त्यातच क्युबाची दारे अमेरिकन प्रवाशांना बंद झाली. पर्यटकांचा ओघ जो सुरू झाला तो थांबलेला नाही. किनाऱ्यांमुळे लोक येतात, दुकानांमुळे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण सुंदर किनारा कॅरिबियनमधल्या कोणत्या बेटाला नाही? घड्याळांचा धंदा तर निखळ कायद्यातून जन्मला. बेटावर जुळणी केलेल्या मालात परदेशी भागांची किंमत निम्म्यापर्यंत असेल तर तो मुख्य भूमीत विनाशुल्क जाई. म्हणून घड्याळांची यंत्रे बाहेरून आणायची, सेंट क्रॉयवर जोडायची आणि अमेरिकेत पाठवायची. या काळात आलेल्या व्यापाऱ्यांत सिंधी लोक ठळक होते. फाळणीनंतर मुंबई-उल्हासनगरपासून हाँगकाँगपर्यंत विखुरलेल्या या समाजाच्या पेढ्या कुरासाव, सिंट मार्टेन आणि सेंट थॉमसच्या बाजारपेठांत बसल्या. सतराव्या शतकातल्या सेफार्दी ज्यूंप्रमाणे त्यांच्याजवळही जमीन नव्हती, बंदराबंदरांत पसरलेले नातेवाईक होते.

या सवलतीचा जोर आता पूर्वीइतका नाही. सुट्या हिऱ्यांवर आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर अमेरिकेत आयात शुल्कच उरले नव्हते, त्यामुळे दुकानावरच्या ‘ड्यूटी फ्री’ पाटीचा आणि भावाचा संबंध कित्येक वर्षे सैल होत गेला. २०२५ पासून अमेरिकेने जवळजवळ सर्वच देशांच्या मालावर नवे शुल्क लावायला सुरुवात केली तेव्हा या पाटीला पुन्हा थोडा अर्थ आला. दारूचे मात्र तसे नाही, कारण तिच्यावरचा उत्पादन कर कधी गेलाच नाही, आणि बेटाची खरी कमाई आज तिथे आहे. व्हर्जिन आयलंड्सची रम मुख्य भूमीत विकली गेली की तिच्यावर वॉशिंग्टनने गोळा केलेल्या उत्पादन कराचा बहुतांश वाटा १९५४ च्या कायद्यानुसार बेटांच्या तिजोरीत परत येतो. २००८ मध्ये बेटांच्या सरकारने याच पैशातून दियाजिओ कंपनीला भरघोस मदत देऊ केली आणि कॅप्टन मॉर्गन ब्रँडची रम, जी तोवर पोर्तो रिकोत तयार होत असे, सेंट क्रॉयवरच्या नव्या कारखान्यात गाळली जाऊ लागली. पोर्तो रिको हेही अमेरिकेचेच बेट, पण ते जकात हद्दीच्या आत आहे, आणि त्यालाही असाच परतावा मिळतो. तिथल्या नेत्यांनी वॉशिंग्टनमध्ये तक्रार केली, की परताव्याचा पैसा लोकांच्या शाळा-रस्त्यांसाठी असतो, कारखाने पळवण्यासाठी नव्हे. काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या, मदतीवर मर्यादा घालायची विधेयके आली आणि अडली. सेंट क्रॉयचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. त्याला लागणारी मळी बाहेरून जहाजाने येते, कारण सेंट क्रॉयवर ऊस गाळणारा शेवटचा साखर कारखाना १९६६ मध्येच बंद पडला होता.